ब्रश, ब्लेंडर की पफ? कोकणच्या हवेत मेकअपची साधनं निवडताना

देवगडकडच्या एका मुलीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "ताई, रत्नागिरीत मेकअपचा तीन महिन्यांचा कोर्स केलाय. या सीझनला गावातल्या लग्नांच्या ऑर्डर घ्यायच्या आहेत. क्लासमध्ये बेस (त्वचेच्या रंगाच्या फाउंडेशनचा थर) छान बसायचा. पण गावी चुलत बहिणीला हळदीसाठी तयार केलं तेव्हा गालावर ब्रशच्या रेषा दिसत होत्या आणि तासाभरात नाकाजवळ आणि ओठांच्या वर बेस फुटला. आता एक मैत्रीण म्हणते ३२ ब्रशचा सेट घे, दुसरी म्हणते नुसता ब्लेंडर (ओला करून वापरायचा मेकअपचा स्पंज) पुरे, तिसरी म्हणते एअरब्रशच (फाउंडेशन फवारणारं यंत्र) घे. माझ्याकडे पाच हजार रुपये आहेत. नक्की काय घेऊ?"

तू ताई म्हणालीस, तेव्हा मीही एकेरीतच लिहिते. मी कुडाळमध्ये राहून वेंगुर्ल्यापासून कणकवलीपर्यंत नवऱ्या तयार करते, त्यामुळे तुझ्या चुलत बहिणीच्या चेहऱ्यावर काय झालं असेल ते मला न बघताही कळतंय.

तू विचारलंयस की कोणता सेट घेऊ. पण तुझी अडचण सेटची नाहीच. क्लासमध्ये एसी होता. तिथे त्वचा कोरडी होती, ब्रश कोरडा होता, पावडर सुटी होती. गावच्या घरात यातलं काहीच कोरडं नसतं. आपल्याकडे घाम येतो ही तक्रार सगळे करतात, पण मेकअपच्या दृष्टीने खरी गोची अशी की तो वाळत नाही. हवेतच इतकी ओल असते की त्वचेवरचं पाणी उडून जात नाही, ते बेसच्या खाली साठतं आणि बेस त्याच्यावर तरंगायला लागतो. मग हसल्या-बोलल्याने जिथे त्वचा हलते तिथे तो फुटतो. नाकाच्या कडा आणि वरचा ओठ या त्याच जागा.

म्हणून मी कोणतंही साधन हातात घेतलं की दोनच गोष्टी बघते. हे कशासाठी वापरायचं आहे, पातळ द्रवासाठी, क्रीमसाठी की पावडरसाठी? आणि रात्री धुतलं तर पावसाळी हवेतही ते सकाळपर्यंत आतून वाळेल का? ब्रँड, रंग, सेटमधली संख्या हे सगळं त्यानंतर. दुसरा प्रश्न पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंमध्ये कोणी विचारत नाही, कारण त्यांना तो पडत नाही. आपल्याला रोज पडतो.

आता यातलं किती तुझ्यावर अवलंबून आहे तेही सांगते, नाहीतर माझं म्हणणं जसंच्या तसं उचलशील आणि फसशील. सावंतवाडीच्या किंवा कणकवलीच्या एसी हॉलमधलं लग्न असेल तर तुझ्या क्लासमधली पद्धत बऱ्यापैकी चालते. अंगणात मांडव घातलेलं घरचं लग्न असेल तर नाही चालत. नवरीची त्वचा तेलकट आहे की हळदीनंतर कोरडी पडून सुटायला लागली आहे, तू कोणतं फाउंडेशन वापरतेस, तुझा हात जड आहे की हलका, यावरही साधन बदलतं. माझा हात मुळात दाबून लावणारा आहे, म्हणून मला पफ जवळचा वाटतो. तुझा हात गोल फिरणारा असेल तर तुला ब्रश अधिक साधेल.

आधी रेषांचं बघू. कोर्सच्या किटमध्ये फाउंडेशनसाठी बहुतेक वेळा चपटा, जिभेच्या आकाराचा ब्रश देतात. तू तोच वापरला असणार. तो रंग पसरवायला चांगला, पण त्याचे केस लांब आणि विरळ असतात, त्यामुळे प्रत्येक फटकाऱ्याची कड उमटते. एसीत फाउंडेशन सावकाश बसतं, तेवढ्या वेळात तू त्या कडा पुसून घेतेस. दमट चेहऱ्यावर खालचं प्रायमर (फाउंडेशनआधी लावायचा थर) किंवा क्रीम अजून ओलंच असतं. मग ब्रश वरचं फाउंडेशन पुढे ढकलतो आणि खालचा थरही ओढून नेतो. रेषा त्यातून येतात. त्यासाठी गोल किंवा सपाट डोक्याचा, आखूड आणि दाट केसांचा बफिंग ब्रश घे. बाजारात त्याला काबुकीही म्हणतात. तो ओढायचा नाही. फाउंडेशन पॅलेटवर घेऊन ब्रशच्या टोकाला जेमतेम लावायचं, चेहऱ्यावर आधी टिपत जायचं आणि मग अगदी छोट्या गोलात, दाब न देता फिरवायचं. गालाच्या मध्यापासून कानाकडे जायचं, म्हणजे केसांच्या रेषेशी थर आपोआप पातळ होतो. प्रायमरनंतर दोन-चार मिनिटं हाताने किंवा पंख्याने वारा घाल आणि बोट टेकवून बघ. चिकट लागलं तरी चालेल, ओलं लागता कामा नये.

ब्लेंडर ज्यांनी जगभर पोचवला त्या रिया अ‍ॅन सिल्वा अमेरिकेत टीव्हीच्या मालिकांसाठी रंगभूषा करायच्या. हाय डेफिनिशन कॅमेऱ्यात त्वचेवरची प्रत्येक कड दिसायला लागली, तेव्हा त्यांनी नेहमीच्या स्पंजच्या कडा कापून त्याला कोपरे नसलेला आकार दिला. २००३ च्या सुमारास तो विक्रीला आला. कल्पना उत्तमच आहे. ओला केल्यावर तो फुगतो, त्याच्या पोटात पाणी असल्याने फाउंडेशन फार आत शिरत नाही, आणि टिपल्यावर थर अगदी पातळ, त्वचेत मिसळलेला बसतो. पण तो थंड, कोरड्या स्टुडिओत जे पाणी चेहऱ्यावर सोडतो ते तिथे उडून जातं. आपल्याकडे मे महिन्यात ते तिथेच राहतं. म्हणून आपल्या हवेत ब्लेंडर वापरायचा तर भिजवून पिळल्यावर तो कोरड्या टॉवेलात गुंडाळून पुन्हा घट्ट पिळ. तळहाताच्या मागच्या बाजूला दाबून बघ, पाण्याचा ओलसर डाग उमटला तर अजून पिळायला हवा. आणि ब्लेंडरने कव्हरेज कमी होतं हे लक्षात ठेव. डाग, वांग झाकायचे असतील तर आधी ब्रशने लावायचं आणि ब्लेंडर फक्त शेवटी कडा मिसळायला घ्यायचा. "नुसता ब्लेंडर पुरे" हे कॉलेजला जाताना स्वतःच्या चेहऱ्यासाठी खरं आहे. सकाळी आठला तयार होऊन दुपारी तीनपर्यंत मांडवात बसणाऱ्या नवरीसाठी नाही.

आता तुझ्या नाकाजवळच्या फुटलेल्या बेसकडे येऊ. त्याला माझं उत्तर आहे पफ. आपल्या भागात या साध्या साधनाला कोणी मान देत नाही, कारण ते कॉम्पॅक्टच्या डबीत फुकट येतं. ते फुकटातलं नको, मखमली कापडाचा, मऊ, थोडा जाड पफ वेगळा घे. एक गोल आणि एक त्रिकोणी, म्हणजे टोक नाकाच्या कडेला आणि डोळ्याखाली पोचतं. लूज पावडर पफवर घे, पफ अर्धा दुमडून त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर चोळ, म्हणजे पावडर कापडाच्या आत जाते आणि वर सैल राहत नाही. मग दाब. पुसायचं नाही, घासायचं नाही, दाबून थोडं थांबायचं आणि उचलायचं. मोठ्या फ्लफी ब्रशने पावडर फिरवली तर ती वरच्या वर बसते आणि घामाच्या पहिल्या थेंबाबरोबर निघते. पफने दाबलेली पावडर बेसमध्ये रुतते. नाकाच्या कडा, वरचा ओठ, हनुवटी, कपाळावर मुंडावळ्या टेकतात तो पट्टा, या जागांना फाउंडेशन निम्मं आणि पफ दुप्पट, असं मी करते. तिथे थर जाड केला की तो हमखास फुटतो.

नथीची जागा वेगळी सांगायला हवी. चापाची नथ असो की टोचलेली, तिचा मागचा भाग नाकपुडीवर सतत घासतो आणि तासाभरात तिथला रंग निघून लालसर कातडी दिसते. नथ घालण्याआधी त्या एवढ्याशा जागेवर फाउंडेशन अजिबात नको. पेन्सिल ब्रश, म्हणजे टोकदार, आखूड केसांचा छोटा ब्रश घेऊन कन्सीलर (डाग झाकायचं दाट क्रीम) नुसता टिपायचा, त्रिकोणी पफच्या टोकाने दाबायचा, आणि नथ घातल्यावर कडेने पुन्हा एकदा टिपायचा. फोटोत नवरीचा चेहरा अर्धा तिथेच बघितला जातो.

मांडवात टचअपला गेलीस की आधी पफ उचलू नकोस. घामावर पावडर घातली की तिचा लगदा होतो आणि तो पिवळट-पांढरा दिसतो. आधी ब्लॉटिंग पेपर, नसेल तर टिश्यूचा एकच पदर, टेकवून घाम आणि तेल उचलून घे, आणि मगच पावडर. तोच घामाचा पफ कॉम्पॅक्टवर पुन्हा घासला की डबीत वर एक कडक, चकचकीत पापुद्रा धरतो आणि त्यातून पावडर निघेनाशी होते. ते तेल असतं. वर पारदर्शक चिकटपट्टी हलकी दाबून उचलली की पापुद्रा निघतो. पण खरा उपाय म्हणजे टचअपला वेगळा पफ ठेवणं.

हे सगळं माझ्यावर विश्वास ठेवून करू नकोस. स्वतःच्या चेहऱ्यावर करून बघ. एका गालावर बफिंग ब्रश, दुसऱ्यावर ब्लेंडर. एका बाजूला पावडर ब्रशने, दुसऱ्या बाजूला पफने. मग दुपारी जामसंड्याच्या बाजारात जाऊन भाजी घेऊन ये आणि पडवीत उजेडात आरसा धर. कुठलं टिकलं ते तुझ्या त्वचेवर, तुझ्या फाउंडेशनने, तुझ्याच गावच्या हवेत दिसेल. त्याहून चांगला सल्ला कोणी देऊ शकत नाही.

डोळ्यांसाठी फार काही लागत नाही. रंग लावायला एक छोटा चपटा, मिसळायला दोन फ्लफी ब्लेंडिंग ब्रश (एक फिक्या रंगांना, एक गडद रंगांना, म्हणजे मध्येच धुवायला लागत नाही), खालच्या पापणीसाठी पेन्सिल ब्रश आणि जेल लायनर व भुवयांसाठी एक तिरकस, पातळ ब्रश. मोठ्या सेटमध्ये डोळ्यांचे जे पंधरा-सोळा ब्रश असतात त्यातले निम्मे एकमेकांसारखेच असतात.

केस कोणते घ्यायचे, यावर मात्र मी थोडं थांबेन. बकरीच्या, खारीच्या केसांचे ब्रश पावडरला खरोखर छान असतात. जपानात हिरोशिमाजवळच्या कुमानो गावात असे ब्रश हाताने बांधतात आणि केसांची मूळची टोकं कापत नाहीत, म्हणून ते गालाला इतके मऊ लागतात. आपल्या डोक्याच्या केसाप्रमाणेच त्या केसावर बारीक खवले असतात, त्यात पावडर अडकते आणि हळूहळू सुटते. पण तोच केस पाणी आणि तेलही पितो. द्रव फाउंडेशनला तो वापरला तर अर्धा माल ब्रशच्याच पोटात जातो. आणि पावसाळ्यात धुतला की त्याला वाळायला वेळ लागतो, आणि वाळला नाही तर कुबट वास येतो. सिंथेटिक तंतू गुळगुळीत असतो, पाणी पीत नाही, साबणाने स्वच्छ होतो, भरभर वाळतो. पूर्वी सिंथेटिक ब्रश पावडरला निकामी म्हणायचे, ते आता राहिलेलं नाही. टोकं निमुळती केलेले चांगले सिंथेटिक ब्रश पावडरही नीट उचलतात. किनाऱ्यावर राहून काम करणारीने सगळेच्या सगळे सिंथेटिक घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे कधी पैसे जमले तर गालासाठी एक बकरीच्या केसांचा घे आणि तो फक्त कोरड्या दिवसांत वापर.

दुकानात ब्रश हातात मिळत असेल तर एवढं कर. केस तळहाताच्या मागे दाबून सोड, ते परत एकत्र यायला हवेत. फिसकटलेलेच राहिले तर बेस पॅची होणार. डोळ्याखालच्या कातडीवर हलका फिरव, टोचला तर ठेवून दे. केस बोटांत धरून हळूच ओढ. एखादा सुटला तर चालेल, चार-पाच आले तर नको. मग धातूची नळी एका हातात आणि दांडा दुसऱ्या हातात धरून हलकेच फिरवून बघ. जरा जरी हलली तरी पहिल्याच पावसाळ्यात ती सुटेल. नळीवर दाबलेल्या दोन कड्या असतील तर पकड चांगली असते. दांडा लाकडी असेल तर त्याचा रंग नळीपाशी पूर्ण बंद आहे ना ते बघ, कारण तिथून पाणी शिरलं की लाकूड फुगतं, रंगाला चिरा जातात आणि वाळल्यावर नळी सैल होते. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात हलक्या धातूवर पांढरे ठिपके येतात, मुलामा दिलेल्या लोखंडावर गंज. आयलॅश कर्लरचा, म्हणजे पापण्या वळवायच्या चिमट्याचा, मुलामा कडेला उडाला की तो टाकूनच द्यायचा. गंजलेली कड पापणीला लावायची नसते.

आता धुणं आणि वाळवणं. यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण चांगली साधनं इथेच मरतात.

टिकाऊ फाउंडेशन नुसत्या शाम्पूने निघत नाही. खोबरेलाचे एक-दोन थेंब तळहातावर घेऊन ब्रश त्यात फिरव, रंग सुटताना दिसेल. मग सौम्य शाम्पू किंवा भांड्यांच्या लिक्विडचा थेंब घेऊन कोमट पाण्यात धू, पाणी स्वच्छ येईपर्यंत. केस कायम खालच्या दिशेला, पाणी नळीत जाता कामा नये, कारण केस आतल्या गोंदावर धरलेले असतात आणि गोंद भिजून सुटला की ब्रश गळायला लागतो. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. त्या पाण्याने धुतलं तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा दे. केसांत मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं आणि ब्रश कधीच नीट कोरडा लागत नाही.

धुतल्यावर टॉवेलात दाबून घे, केसांना बोटांनी आकार दे आणि टेबलाच्या कडेला असा ठेव की केस बाहेर अधांतरी राहतील आणि चारही बाजूंनी वारा लागेल. पेल्यात उभा ठेवू नकोस, पाणी उतरून नळीत जातं. हेअर ड्रायरचा गरम झोत किंवा चुलीपाशी ठेवणंही नको. पंख्याखाली रात्रभर पुरतो. सकाळी केसांच्या मुळाशी बोट दाबून बघ, तिथे गारवा लागला तर तो ब्रश अजून ओला आहे. ओला ब्रश पावडरमध्ये घातलास की पावडरची गोळी होते आणि गालावर डाग उठतो. तुझ्याकडे त्या दिवशी हेही झालेलं असू शकतं, आदल्या रात्री ब्रश धुतले होतेस का ते आठवून बघ. म्हणून रोज लागणारे ब्रश, म्हणजे बफिंग, पफ आणि डोळ्यांचे ब्लेंडिंग, दोन-दोन घे. लग्नाच्या दाट तिथ्या लागोपाठ येतात तेव्हा एक जोडी वाळत असते आणि दुसरी कामात असते. ३२ प्रकारचे एकेक ब्रश घेण्यापेक्षा सहा-सात प्रकारचे दोन-दोन घेणं आपल्याकडे केव्हाही शहाणपणाचं.

ब्रश झिपच्या प्लॅस्टिक पाऊचमध्ये कोंडून ठेवू नकोस. सुती कापडाचा रोल शिवून घे, आणि जून ते सप्टेंबर डब्यात ठेवायची वेळ आली तर सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेव.

ब्लेंडर वाळवणं हे या सगळ्यात अवघड. तो वरून कोरडा लागतो, आत ओल तशीच राहते. जुना ब्लेंडर टाकण्याआधी ब्लेडने मधोमध काप आणि उजेडात धरून बघ. पावसाळ्यात वापरलेला असेल तर मध्याजवळ काळसर ठिपके सापडण्याची दाट शक्यता आहे. ती बुरशी आहे, आणि ती कुठल्याही साबणाने निघत नाही. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्टन विद्यापीठाने २०१९ मध्ये लोकांची वापरातली मेकअपची साधनं तपासली, तेव्हा बहुसंख्य वस्तूंवर घातक ठरू शकणारे जंतू सापडले आणि सगळ्यात वाईट अवस्था ब्लेंडरची होती. त्यांतले ९३ टक्के कधीच धुतलेले नव्हते, ६४ टक्के वापरात असताना जमिनीवर पडलेले होते. ती तर थंड हवा. आपल्याकडे मी एक नियम पाळते: एका नवरीला एक नवा ब्लेंडर, काम झाल्यावर तो तिलाच देऊन टाकायचा. त्यासाठी महागडा घ्यायची गरज नाही, साधा, न टोचणारा, पाण्यात नीट फुगणारा असला की पुरे. त्याची किंमत पॅकेजमध्येच धर.

हाच नियम डोळ्यांच्या आणि ओठांच्या बाबतीत आणखी कडक. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली होती, ती आठवत असेल. मस्काऱ्याच्या नळीतली कांडी एकीच्या पापणीवरून परत नळीत आणि मग दुसरीच्या पापणीवर, हा संसर्गाचा सरळ रस्ता आहे. टाकाऊ, म्हणजे एकदा वापरून टाकायच्या, कांड्यांचं पाकीट स्वस्त मिळतं, ते घे. लिपस्टिक थेट ओठाला लावायची नाही, स्पॅच्युलाने खरवडून स्टीलच्या पॅलेटवर घ्यायची. क्रीम आणि फाउंडेशनही तसंच. एका नवरीनंतर लगेच करवलीला बसवायचं असेल तर ब्रश आधी टिश्यूवर पुसून त्यावर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवार आणि पूर्ण उडू दे. ७० टक्केच घे. त्यातल्या पाण्यामुळे ते सावकाश उडतं आणि जंतूंवर काम करायला वेळ मिळतो, ९९ टक्क्यांचं झटकन उडून जातं. मात्र अल्कोहोल मळ काढत नाही, ते धुण्याच्या जागी चालत नाही.

बोटांचं काय, असं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. आपल्याकडचे दशावतारी कलावंत आपला चेहरा आपणच रंगवतात, पेटाऱ्याशी आरसा टेकवून, बरंचसं बोटांनीच, आणि तो रंग रात्रभराच्या नाटकात टिकतो. बोटाच्या उबेने क्रीममधलं मेण मऊ होतं आणि ते त्वचेत बसतं. क्रीम ब्लश किंवा डोळ्याखालच्या कन्सीलरला याहून चांगलं साधन नाही. फरक एवढाच की त्यांचा हात आणि चेहरा दोन्ही त्यांचेच असतात. आपण दुसरीच्या चेहऱ्याला हात लावतो, तेव्हा नखं कापलेली आणि हात तिच्या समोर धुतलेले हवेत. तिच्या समोर, कारण तिच्या आईची नजर त्यावर असते.

एअरब्रश वाईट नाही. सिलिकॉनचा बेस असलेलं फाउंडेशन बारीक फवाऱ्याने बसतं तेव्हा घामात चांगलं टिकतं. पण मशीन घ्यायचं म्हणजे कॉम्प्रेसर, गन, त्याचं खास पातळ फाउंडेशन सगळ्या शेड्समध्ये, आणि प्रत्येक वापरानंतर नोझल खोलून साफ करणं आलं. वारा-पाऊस आला की आपल्याकडे वीज जाते, आणि मुहूर्त थांबत नाही. चार्जिंगवर चालणारी यंत्रं मिळतात, तरी डोळ्यात पाणी येऊन गालावर ओघळ पडला की त्या पातळ थराची डागडुजी हातानेच करावी लागते, आणि ती जोडलेली दिसते. आपल्या लग्नात पाठवणीला रडू येतंच. हाताचं काम पक्कं झालं, ऑर्डर वाढल्या की मग त्याचा विचार कर. पाच हजारांत हे सगळं बसवणंही कठीण.

तर पैसे कसे लावशील? सगळ्यात जास्त दोन बफिंग ब्रशवर, तिथे कंजुषी नको. त्याखाली चार पफ, दोन गोल, दोन त्रिकोणी. डोळ्यांचे पाच ब्रश, त्यातले ब्लेंडिंगचे जास्तीचे. जास्तीची पावडर झटकायला एक मोठा फ्लफी, गालासाठी एक मध्यम. स्टीलचं पॅलेट, स्पॅच्युला, स्टेनलेस ट्वीझर, टाकाऊ कांड्या, ब्लॉटिंग पेपर, अल्कोहोलची बाटली, स्वस्त ब्लेंडरचं पाकीट. यातून जे उरेल त्यात चार्जिंगवर चालणारा दिवा आणि हातपंखा घे. ही मेकअपची साधनं नाहीत असं वाटेल, पण माजघरातल्या पिवळ्या बल्बखाली केलेला बेस अंगणात गेला की एक तर राखाडी दिसतो नाहीतर नारंगी. गेल्या गेल्या घरच्यांना सांग की मला पडवीत, उजेडाकडे तोंड करून नवरीला बसवायचंय. पोरं येतील, बायका बघायला येतील, त्या चालतील. उजेड पाठीमागून मात्र नको.

तू लिहिलंयस की कोर्सबरोबर मिळालेला बारा ब्रशचा सेट पडून आहे, तो टाकायचा का. टाकू नकोस. त्यातला चपटा फाउंडेशन ब्रश गळ्याला आणि कानामागे बेस लावायला ठेव, तिथे रेषा पुसायला वेळ मिळतो आणि पोच चांगली असते. पातळ लायनर ब्रश चांगला असेल तर टिकलीच्या कडेची बारीक नक्षी त्याने काढ. बाकीचे दुकानात सांगितलेल्या कसोटीला लावून बघ, पांढरा टिश्यू ओला करून त्यावरही घास. केसांचा रंग टिश्यूवर उतरला तर तो ब्रश कोणाच्याही चेहऱ्याला लावू नकोस, कॉम्पॅक्टच्या डब्यांच्या कडा झाडायला ठेव.